एक बूट पायात, दुसरा हातात (एडीएचडी असलेल्या मुलासोबतची सकाळ)

दप्तरवाली | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचते, कधीमधी पाककृतींच्या धाग्यावर शंका विचारते. धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगा साडेदहा वर्षांचा, पाचवीत. इथे त्याला चिकू म्हणते. दीड वर्षापूर्वी एडीएचडीचं निदान झालं. लक्ष न टिकणं आणि अंगात भिंगरी, दोन्ही आहे. निदानाबद्दल शंका उरलेली नाही. बालविकासतज्ज्ञांनी तीन बैठका घेतल्या, आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकेकडून वेगवेगळ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, कान-डोळे तपासायला लावले, झोपेचं खोदून विचारलं. तेव्हा कृपा करून 'मुलं अशीच असतात गं' हे लिहू नका. ते मला जिन्यात रोज ऐकायला मिळतं.

आजचं सांगते. रिक्षावाले काका ६:५० ला खाली हॉर्न देतात. ६:३८ ला मी म्हटलं, "बूट घाल, दप्तर घे, बाटली भर," आणि डबा भरायला आत वळले. ६:४७ ला बाहेर येते तर एक बूट पायात, दुसरा हातात, आणि हातातल्या बुटाच्या तळाशी रुतलेला खडा हा पेनाच्या टोपणाने काढत बसलाय. तल्लीन. समाधीच म्हणा. बाटली रिकामी, दप्तर सोफ्यामागे. मी अशी ओरडले की समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं. तो रडत, नाडी लोंबकळत खाली गेला. दुपारी घरी आला तो "आई, खडा निघाला!" करतच. त्याच्या लेखी सकाळ केव्हाच संपली होती. मी मात्र ऑफिसात दिवसभर तेच चघळत होते.

उपचार चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. घरातलं विचारतेय. तुमच्याकडे सकाळ कशी निभते? वीस मिनिटांच्या गृहपाठाला आमच्याकडे अडीच तास लागतात, तुमच्याकडे? घरातल्या मोठ्यांना काय सांगता? सासूबाई मनाने फार चांगल्या आहेत, पण "तू धाकच नाही ठेवलास" हे आठवड्यातून दोनदा तरी येतं. आणि डॉक्टरांनी गोळी सुचवलीय, त्यावर आम्ही चार महिने 'विचार करतो' म्हणतोय.

शंकेखोर | मंगळवार, सकाळी ७:१५

तुम्ही नको म्हणालात तरी लिहितोच, राग मानू नका. आमच्या वर्गात ६१ पोरं होती, त्यातली निम्मी वांड. गुरुजींच्या छडीने आणि संध्याकाळच्या मैदानाने सगळी सुतासारखी सरळ झाली. आता पोर दोन खोल्यांत कोंडलेलं, हातात मोबाइल, आणि चुळबूळ केली की आजार. हे अमेरिकेतल्या औषध कंपन्यांनी काढलेलं फॅड आहे असं माझं स्पष्ट मत. साखर आणि स्क्रीन महिनाभर बंद करून बघा.

खडूफळा | मंगळवार, दुपारी ३:०५

@शंकेखोर, जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवतेय म्हणून बोलते. सगळी सरळ झाली हे तुम्हाला कसं कळलं? जी झाली नाहीत ती आठवी-नववीत शाळा सोडून गेली. ती माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला येत नाहीत.

फॅडचं म्हणाल तर जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनला व्याख्यानं देऊन अशाच मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धीला काही कमी नाही, पण स्वतःला आवरता येत नाही. आज दिली जाते ती मिथाइलफेनिडेट गोळी चाळीसच्या दशकात तयार झाली. म्हणजे पोरं आधी, गोळी नंतर. साखरेचंही तेच. १९९५ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही. दातांसाठी बंद करा, माझी ना नाही.

पण तुमच्या म्हणण्यातला एक दाणा मी उचलते. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे जानेवारीतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला एकाच बाकावर येतात. धाकट्याची चुळबूळ बऱ्याचदा नुसती वयाची असते. म्हणूनच घर आणि शाळा दोन्हीकडे दिसतंय का, सहा महिने तरी टिकून आहे का, बाराव्या वर्षाच्या आधी सुरू झालंय का, हे सगळं बघतात. कुणी दहा मिनिटांत शिक्का मारला तर तिथून उठून यावं.

दप्तरवालीताई, आता वर्गातलं. सध्या माझ्याकडे असा एक आहे. त्याला मी पुढे, पण कडेला बसवते, खिडकीपासून लांब. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला उठायचं काम मिळतं. फळा पूस, वह्या गोळा कर, हजेरीपट ऑफिसात देऊन ये. (एकदा हजेरीपट पोचला, पोरगा परत आला नाही. हातपंपाजवळ मुंग्यांची रांग बघत होता.) शाळेला लांबलचक पत्र देऊ नका, चाळीस मुलांच्या बाईंना ते वाचायला वेळ नसतो. एकच मागणं मागा. सुटायच्या आधी गृहपाठ वहीत उतरवलाय का, एवढं बघा म्हणावं. ते जमलं की पुढचं.

विसरभोळी | मंगळवार, रात्री १०:२०

माझं निदान एकतिसाव्या वर्षी झालं, त्यामुळे मी पलीकडच्या बाजूने लिहिते. मी उड्या मारणारी नव्हते. खिडकीशी गप्प बसायचे, बाईंकडे बघत असायचे आणि मनाने आजोळच्या विहिरीवर असायचे. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा, 'हुशार आहे, पण धांदरट'. मुली अशाच नजरेतून सुटतात, कारण त्यांचा कुणाला त्रास होत नाही.

बुटाबद्दल. काय करायचंय हे चिकूला माहीत होतं. थांबवून विचारलं असतंत तर घडाघडा सांगितलं असतं, आधी मोजे, मग बूट, मग दप्तर. आमच्यात माहितीचा तुटवडा नसतो हो. माहीत असलेलं त्या घटकेला हाताशी येत नाही. खडा दिसला की खडाच जग होतो. रिक्षा, घड्याळ, आई, सगळं मागे सरकतं. म्हणून संध्याकाळी शांतपणे दिलेलं भाषण सकाळच्या बुटापर्यंत पोचत नाही. माझ्या आईने मला हजार तरी भाषणं दिली असतील. मला प्रत्येक वेळी अगदी मनापासून पटायची.

तेव्हा सांगायचं ते जिथे अडतं तिथे आणि अडतं त्या वेळी. म्हणजे दारात. तीन कामं एका दमात नका सांगू, तिसरं ऐकेपर्यंत पहिलं सांडलेलं असतं. आतून ओरडून तर नकोच. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "बूट." एक शब्द. मग बूट झाल्यावर "बाटली." वाईट वाटून घेऊ नका, पण त्या नऊ मिनिटांत तुम्ही स्वयंपाकघरात होतात, घोळ तिथे आहे.

दप्तरवाली | मंगळवार, रात्री १०:४५

@विसरभोळी, वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच प्रश्न पडला की मग डबा कोण भरणार!

सांगलीचा_बाबा | बुधवार, सकाळी ६:१०

डबा बाबा भरणार. मी भरतो. चपात्या लाटता येत नाहीत, पण भरायला काय लागतंय?

थोरला अकरा वर्षांचा, एडीएचडीवाला. त्याची प्रश्नावली भरता भरता लक्षात आलं की निम्म्या खुणा माझ्याच आहेत. यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. बायकोला ते डॉक्टरांनी सांगायची गरज पडली नाही.

आमच्यात बायको सकाळी दारात बसते. खरंच, मोढा टाकून, चहाचा कप घेऊन. बोलत काहीच नाही. माणूस शेजारी नुसतं बसलेलं असलं तरी पोराची गाडी रुळावर राहते, का ते विचारू नका. बूट, दप्तर, बाटली, सगळं दाराजवळच्या खालच्या फळीवर. मोजे रात्रीच बुटात कोंबलेले. पूर्वी दप्तर आतल्या खोलीत असायचं आणि ते आणायला गेलेला पोरगा वाटेत कॅरमच्या सोंगट्या मांडायला बसायचा. आता वाटच ठेवली नाही. भिंतीवर त्याच्या नजरेच्या उंचीला त्यानेच काढलेली पाच चित्रं आहेत. बुटाचं चित्र बदकासारखं दिसतंय, पण चालतंय. 'दहा मिनिटांत आवर' याचा त्याला अर्थबोध होत नाही, म्हणून वाळूचं घड्याळ आणलं. वेळ डोळ्यांनी दिसावी लागते.

तक्ता लावून गुण द्यायचा प्रकारही केला. तीन आठवडे चमत्कार, चौथ्यात तो भिंतीवरचा कागद झाला. मग कळलं की बक्षीस बदलत राहावं लागतं आणि त्याच दिवशी द्यावं लागतं. 'वार्षिक परीक्षेत पहिल्या पाचात आलास तर सायकल' हे या पोरांना पुढच्या जन्मीचं आश्वासन वाटतं. आता आमच्यात गुणांऐवजी ठोकळे असतात, पाच जमले की संध्याकाळी गच्चीतल्या झाडांना पाणी घालायला पाइप त्याच्या हातात. आणि मिळालेला ठोकळा परत काढून घ्यायचा नाही. मी एकदा रागाच्या भरात तीन काढले. तो आत गेला, उरलेले दोन आणून माझ्यासमोर ठेवले. "हे पण ठेव."

अवांतर: मल्लखांबाला घातलाय. रांगेत उभं राहणं जमेना, तेव्हा सरांनी खांबाला एरंडेल चोळायचं काम त्याच्याकडे दिलं. त्या सरांना कुणी बालमानसशास्त्र शिकवलं नव्हतं.

दुपारचा_चहा | बुधवार, दुपारी २:३०

अगं दप्तरवाली, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची. 'धाक नाही ठेवलास' हे मीसुद्धा सुनेला म्हणालेली आहे. तिने मला वाचायला कागद दिले, मी चष्म्याचं निमित्त सांगितलं. मग मुलगा-सून लग्नाला नागपूरला गेले आणि नातू चार दिवस माझ्याकडे राहिला. मी धाक ठेवला. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला, की तुम्ही लवकर येता का.

तेव्हा सासूबाईंना समजावू नकोस. चार दिवस नातू दे.

गृहपाठाचं म्हणशील तर हा पोरगा बसवून पाढे म्हणायला लावला की पाचाच्या पुढे जात नसे. मी मटार सोलायला घेतले, याला समोर बसवला. एक शेंग, एक ओळ. तेराचा झाला, चौदाचा झाला. मटार संपले तसा बाहेरच्या भिंतीवर चेंडू मारत सतरापर्यंत गेला. शेजारी वैतागले, ते वेगळं. लिहायचं असेल तेव्हा पाच गणितं, मग उठून अंगणाला एक चक्कर, मग पुढची पाच. अडीच तास एका जागी तर मोठ्या माणसालाही बसवत नाही गं.

जर्सीकरीण | बुधवार, रात्री ११:१०

गोळीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. न्यू जर्सीत राहतो, मुलगा बारा वर्षांचा. आम्हीही 'आधी बाकी सगळं करून बघू' म्हणत दोन वर्षं काढली. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१९ च्या सूचना अशा आहेत की सहा वर्षांच्या आत असेल तर आधी आईवडिलांना प्रशिक्षण, आणि सहानंतर औषध व वर्तनावरचे उपचार दोन्ही जोडीने. आमचा तेव्हा आठचा होता.

गोळीने पोर 'गप्पगार' होईल ही माझी सगळ्यात मोठी भीती. तसं झालं तर मात्रा चुकलीय असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पहिल्या शनिवारी मी त्याच्यामागे चोरासारखी फिरत होते. तोच होता. तेवढाच बोलत होता, फक्त सुरू केलेलं वाक्य संपवत होता.

आता दुसरी बाजू. दुपारचा डबा जसाच्या तसा परत येतो. म्हणून गोळीच्या आधी भरपेट नाश्ता, आमच्याकडे थालीपीठ आणि लोणी. रात्री साडेनऊला पोटात खड्डा पडतो, तेव्हा वरणभात. सुरुवातीला संध्याकाळी औषध उतरायच्या वेळेला तासभर रडारड असायची. दर भेटीत वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघतात. आणि गोळी बूट घालून देत नाही, दारात अजूनही उभं राहावं लागतं!

शाळेचं म्हणाल तर इथे १९७३ च्या कायद्यातल्या ५०४ कलमाखाली लेखी आराखडा मिळतो. पुढची जागा, परीक्षेला जादा वेळ, मधे उठायची मुभा. लेखी असणं मोठं, पण शेवटी बाई कोण मिळतात त्यावरच. खडूफळांसारख्या मिळाल्या तर कागद लागत नाही.

शंकेखोर | गुरुवार, सकाळी ७:३०

साखरेचं मागे घेतो, छडीचंही घेतो. पण माझा प्रश्न खरा आहे. उत्तेजक वर्गातलं औषध दहा वर्षांच्या पोराला? सवय नाही लागत? जन्मभर घ्यायचं का?

जर्सीकरीण | गुरुवार, सकाळी ९:००

प्रश्न रास्त आहे, मीही विचारला होता. ठरवून दिलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतली तर व्यसन लागत नाही असं आम्हाला सांगितलं. दुसऱ्याच्या हाती पडून गैरवापर होऊ शकतो, म्हणून कपाटाला कुलूप. 'जन्मभर' असं कुणी म्हणालेलं नाही. आमचे डॉक्टर मधूनमधून थांबवून गरज उरलीय का ते बघतात. उत्तेजक नसलेलं ॲटोमॉक्सेटिनही असतं, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात.

गल्लीतला_केमिस्ट | गुरुवार, दुपारी १:२०

दुकानदाराच्या बाजूने एक व्यवहाराची गोष्ट. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे 'शेड्यूल एक्स'मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. ते ठेवायला दुकानाला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आम्ही दोन वर्षं जपून ठेवतो. एवढा कुटाणा नको म्हणून बरेचसे दुकानदार ठेवतच नाहीत. तेव्हा 'चार दुकानं फिरलो, सगळ्यांनी संशयाने बघितलं' म्हणून खचू नका. कुठल्या दुकानात मिळेल ते डॉक्टरांनाच विचारा, दोन प्रती मागून घ्या, आणि शेवटची गोळी संपायच्या आठवडाभर आधी या. आदल्या रात्री साडेनऊला शटर ओढताना येऊ नका. (हे सगळ्याच औषधांना लागू.)

मुलुंडची_मावशी | गुरुवार, रात्री ९:५०

जरा वेगळं विचारते. भाची आठवीत आहे, एडीएचडी आहे. दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं का? प्रमाणपत्र कुठून काढायचं?

विसरभोळी | गुरुवार, रात्री १०:३०

@मुलुंडची_मावशी, इथे लोकांची नेहमी गल्लत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात एडीएचडीचं वेगळं नाव नाही. अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे वाचन, लेखन, गणितातली. ही दोन्ही बऱ्याच मुलांत जोडीने असतात, त्यामुळे भाचीची ती तपासणी आधी करून घ्या. असेल तर त्या प्रमाणपत्रावर सवलती मागता येतात. महाराष्ट्रात दहावीसाठी त्या १९९६ पासून आहेत. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासतात. तुम्हाला मुलुंडहून शीवचं महापालिकेचं रुग्णालय जवळ, तिथे यासाठी वेगळं क्लिनिक आहे. गर्दी असते, म्हणून आठवीतच लागा, दहावीच्या फॉर्मपर्यंत थांबू नका.

दप्तरवाली | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, रागावू नका.

फळी बसवली. नवरा डबा भरतो. पहिल्या दिवशी त्याने डब्यात भाजी घातली आणि पोळ्या ओट्यावरच राहिल्या, तेव्हा मला सांगलीच्या बाबांची आठवण आली. मी दारात पाटावर बसते. खरं सांगू, पहिले तीन दिवस गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड गेलं. जीभ नुसती वळवळायची. चौथ्या दिवशी एकदा "बूट" आणि एकदा "बाटली" एवढ्यावर काम झालं. नवव्या दिवशी सगळं फिसकटलं, मी ओरडले, काकूंचं दार उघडलं. दहाव्या दिवशी परत पाट.

गृहपाठ अडीच तासांवरून सव्वा तासावर आलाय. उभ्याने, ओट्यावर वही ठेवून करतो. अक्षर कोंबडीचे पायच आहेत, त्याला सध्या हात लावत नाही. शाळेत मी एकच मागणं मागितलं, खडूफळाताईंनी सांगितलेलं. पाचांतले तीन दिवस गृहपाठ उतरवलेला असतो.

चार दिवस नातू सासूबाईंकडे ठेवायची हिंमत झाली नाही, दोन दिवस ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण परत आल्यापासून रात्री मोजे बुटात कोंबून ठेवलेले असतात आणि ते मी कोंबत नाही.

गोळीचं ठरलं. डॉक्टरांकडे परत जाऊन घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का वगैरे सगळी चौकशी झाली, वजन-रक्तदाब झालं. येत्या शनिवारी सुरू करतोय, म्हणजे दोन दिवस घरात डोळ्यांसमोर राहील. चिठ्ठी दोन प्रतींत घेतली. पहिल्याच दुकानात मिळाली, केमिस्टदादा.

बुटातल्या खड्यांसाठी चिकूने फळीवर एक बरणी ठेवलीय. दारात खडा दिसला की टोपणाने काढत बसायचं नाही, बूट तसाच घालायचा आणि खडा संध्याकाळी काढून बरणीत टाकायचा, असा करार झालाय. करार त्यानेच लिहिला, शुद्धलेखनाच्या सहा चुकांसह. बरणीत अकरा खडे आहेत.

शुक्रवारी ६:४८ ला तो खाली होता. बाटली वरच राहिली. काकांनी हॉर्न वाजवला नाही, थांबले. मी चपला न घालताच नेऊन दिली.